डब्यात काय आहे : एका स्लॅशर ट्रेलरच्या प्रकल्प नोंदी

४ सप्टेंबर २०२५

चित्रपट-प्रकारांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या गटाला ‘स्लॅशर’ आलं, म्हणजे धारदार हत्यारानं एकेकाला मारणाऱ्या खुन्याचा भयपट. न बनलेल्या चित्रपटाचा ट्रेलर करायचा, दोन मिनिटांच्या आत, आणि सोबत ही नोंदवही. वहीला वीस गुण आहेत म्हणून ती लिहिली जाणार, हे आधीच कबूल करते. शेजारच्या गटाला ऐतिहासिक आलंय. ते आत्तापासून फेटे गोळा करतायत.

गटात पाच जण. वहीत नावं नकोत असं ठरलं. भांडणं झाली तर पुरावा नको. म्हणून कामावरूनच हाक: कॅमेरा, साऊंड, एडिट, नटी आणि मी (लिहिणं, दिग्दर्शन, चहा). खुनी कोण ते ठरलं नाही. सगळ्यांनाच व्हायचंय.

रात्री पहिला आराखडा लिहिला. जंगलातला बंगला, पाच मित्र, गाडी बंद, मोबाईलला रेंज नाही, मुखवटा घातलेला माणूस. चाळीस मिनिटांत लिहून झाला.

५ सप्टेंबर

सरांनी वाचला आणि एवढंच विचारलं, “तुमच्यापैकी जंगलातल्या बंगल्यात कोण राहिलंय?” कुणीच नाही. चोपड्याहून सातपुडा दिसतो, पण आम्ही तिकडे गेलोय ते उनपदेवला, गरम पाण्याच्या झऱ्यावर, तेही आजी-आजोबांबरोबर दशम्या बांधून.

सरांचं म्हणणं असं: या प्रकारात गोष्ट साधीच असते. हत्यार हातातलं आणि धारदार, मारेकऱ्याचा चेहरा झाकलेला, माणसं एकेक करून कमी होतात, शेवटी बहुधा एक मुलगी उरते. त्या मुलीला कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ साली ‘फायनल गर्ल’ असं नाव दिलं. सगळं अवघड काम एकाच प्रश्नात असतं: माणूस त्या जागी रात्री एकटा का गेला? बंगल्यात पार्टी करायला, हे उत्तर आमच्या तोंडी शोभत नाही. नटी म्हणाली, “आणि पार्टी करणाऱ्या पोरी आधी मरतात, हे मला अजिबात मान्य नाही.” मलाही नाही. फाडला आराखडा.

८ सप्टेंबर

काल खग्रास चंद्रग्रहण होतं. कॅमेऱ्याला वाटलं, लाल चंद्राचा शॉट फुकटात मिळेल. गच्चीवर ट्रायपॉड लावून बसला. ढग. चाळीस सेकंदांचं करडं काहीतरी मिळालंय, त्याला तो ‘वातावरण’ म्हणतो. एडिटनं फोल्डरला ‘कचरा १’ नाव दिलं.

९ सप्टेंबर

संध्याकाळी मामाकडे गेले होते. त्याच्या गल्लीत गुलाबाई (आमच्याकडचा पोरींच्या गाण्यांचा सण) बसल्यात. पोरींची गाणी झाली आणि मग खाऊ ओळखायचा खेळ. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्या घरी गाणी, त्या घरची मुलगी खाऊचा डबा झाकून आणते, हलवून वाजवते, बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. चुरमुरे? शेंगदाणे? लाडू? ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. लहानपणी मीही खेळलेय.

मी ओसरीवर अंधारात होते आणि दिवे गेले. पोरी गप्प झाल्या, पण डबा धरणारीचा हात थांबला नाही. खुळ्ळ. खुळ्ळ. माझ्या मानेवर काटा आला.

घरी येऊन एकच ओळ लिहिली: मारेकरी येण्याआधी डबा वाजतो.

१० सप्टेंबर

एकटी का गेली, याचं उत्तर मामानं न विचारता दिलं. जेवताना म्हणाला, या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. म्हणजे मोटार सुरू करायला रात्री मळ्यात कुणीतरी जायचं. थ्री फेज येईल तेव्हा पाणी, मग बाहेर थंडी असो की साप. खान्देशात हजारो माणसं हातात बॅटरी घेऊन असं रोज जातात आणि कुणाला त्यात गोष्ट दिसत नाही.

तर आमची गोष्ट: डिसेंबरातली रात्र. वडील आजारी, भाऊ पुण्याला कंपनीत. थोरली मुलगी मोटार चालू करायला केळीच्या बागेत जाते. बस, एवढंच. तिनं काही चूक केलेली नाही, कुणाची खोड काढलेली नाही. तिला पाणी द्यायचंय.

नटीला हे आवडलं. फक्त तिनं विचारलं, डिसेंबर म्हणजे स्वेटर का? हो. सप्टेंबरच्या उकाड्यात स्वेटर आणि मफलर. तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

११ सप्टेंबर

मामाचा मळा पाहायला सगळे गेलो. ही नोंद लांब होणार.

केळीची बाग आतून कधी कुणी शूट का करत नाही कळत नाही. भर दुपारी आत संधिप्रकाश. पानं डोक्यावर मिटलेली, खाली ओल, ठिबकच्या नळ्या, आणि दहा ओळींपलीकडे काही दिसत नाही. वारा आला की फाटकी पानं अशी वाजतात की पाऊस सुरू झाला असं वाटतं. साऊंड तर पाच मिनिटं हात पुढे करून थेंब शोधत होता.

कापणीला आलेल्या भागात घडांना पांढऱ्या स्कर्टिंग बॅगा घातलेल्या. डागापासून, किडीपासून बचाव म्हणून. ओळीनं लोंबणाऱ्या पांढऱ्या पिशव्या, बरोबर माणसाच्या डोक्याच्या उंचीला. कॅमेरा चालता चालता थांबला. मी पण. दोघांनी एकदम तेच पाहिलं: वीस पिशव्या, त्यातली एक वळते.

मुखवट्याचा प्रश्न तिथंच मिटला. ऑनलाइन रबरी मुखवटा साडेसातशेला होता, तो रद्द. (सर सांगत होते, ‘हॅलोविन’ या १९७८ च्या चित्रपटातला मुखवटाही दुकानातला एका टीव्ही मालिकेतल्या कॅप्टनचाच होता, पांढरा रंगवून डोळ्यांची भोकं मोठी केलेली. तेव्हा आमची पिशवी घराण्याला धरून आहे.) अट अशी: पिशवी कापडासारखी, हवा जाणारीच, प्लास्टिकची बिलकूल नाही, आत टोपी, खालून मोकळी, एका वेळी दोन मिनिटांच्या वर डोक्यावर नाही.

मग मी मामाला गोष्ट सांगितली. रात्री, केळीत, कोयता घेतलेला माणूस. वाटलं हसेल. तो हसला नाही.

“पोरी, हाई खेळ नही शे. आठे खरंच कापी जातस.”

मला कळायला हवं होतं. कुणाचा तरी राग, बांधाचं भांडण, आणि सकाळी बागेत शेकडो खोडं आडवी. अशा बातम्या आमच्या पेपरात अधूनमधून येतातच. घड भरत आलेली केळी कापली की वर्षाचं पीक गेलं. एका खोडाला एकदाच घड येतो. मामाच्या शेजाऱ्याचं असं झालंय. कोणी केलं ते अजून कळलेलं नाही, आणि ज्यानं केलं तो गावातलाच आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

परतताना गाडीवर कोणी बोललं नाही. आम्ही अमेरिकेतला स्लॅशर शोधत होतो.

१२ सप्टेंबर

आराखडा तिसरा. ट्रेलरमध्ये एकही माणूस मरताना दिसणार नाही. पहिला बळी केळी. सकाळ, धुकं, आडवी पडलेली एक ओळ, कापांतून गळणारा चीक. मुलगी मोजते आहे. मग रात्र.

एडिटचा विरोध: “रक्त नाही तर स्लॅशर कसलं?” मतदान ३-२. रक्त एका शॉटपुरतं ठेवलं: स्टार्टरच्या पेटीवर पाच बोटांचा ठसा.

मामाला फोन करून विचारलं, आम्हाला कापलेली खोडं हवीत. तो म्हणाला, उभ्या बागेला हात लावायचा नाही, पण पलीकडच्या तुकड्यात घड उतरलेत, तिथं आता पिलबाग (जुन्या खोडांच्या बुडाशी फुटलेल्या पिलांची बाग) धरायची आहे, जुनी खोडं तशीही काढायचीच. ती घ्या. आणि कापणार त्याचा सालदार. आम्ही नाही.

१४ सप्टेंबर

रक्ताचा दिवस. पहिली खेप: साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग. कॅमेऱ्यात थेट रसना. त्याहून वाईट म्हणजे पंधरा मिनिटांत मुंग्या, मग माश्या, मग आईचा आवाज. दुसरी खेप: बिटाचा रस. जांभळा. तिसरी: मैद्याची पातळ खळ शिजवून गार केली, लाल रंग, चिमूटभर कॉफी, हिरव्या रंगाचा अर्धा थेंब. हिरवा घातल्यावर लाल खरा वाटायला लागतो, हे कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. ‘सायको’त (१९६०) चॉकलेट सिरप वापरलं होतं, पण त्यांचं बरं होतं, चित्रपट कृष्णधवल.

एक शोध फुकटात लागला. त्या दिवशी मळ्यातून आल्यावर कॅमेऱ्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग होते. आज ते काळपट तपकिरी झालेत, वाळलेल्या रक्तासारखे, आणि तीन धुण्यांत हललेले नाहीत. खुन्याच्या कपड्यांचा प्रश्न सुटला. कॅमेऱ्याच्या आईचा सुटलेला नाही.

कोयता: फोम शीट कापून, चंदेरी रंग, मूठ खऱ्या लाकडाची. खरं हत्यार सेटवर आणायचं नाही, दाखवायलाही नाही. खर्च आजवर ६४० रुपये.

१७ सप्टेंबर

सरांनी वेळापत्रक पाहिलं आणि वही बंद करून बोलले.

रात्री, मळ्यात, तोंड झाकलेली अनोळखी पोरं, हातात कोयता. तो फोमचा आहे हे लांबून दिसत नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्या होता, तेव्हापासून मळ्यात बॅटरी फिरली तरी माणसं काठ्या घेऊन निघतात. ते एक. दुसरं त्यांनी हळू सांगितलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी व्हॉट्सअॅपवरची अफवा, आणि आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. त्या वेळी आम्ही शाळेत होतो. मला आईनं त्या आठवड्यात बाहेर खेळायला सोडलं नव्हतं, कारण तिलाही तो मेसेज आला होता.

तर नियम: सरपंच आणि पोलीस पाटलांना आधी लेखी कळवायचं. पिशवी बागेबाहेर डोक्यावर चढणार नाही. एकही कच्ची क्लिप कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही, ‘बघ ना भारी’ म्हणूनसुद्धा नाही. शेवटच्या फाइलवर पहिल्या सेकंदापासून कोपऱ्यात ‘विद्यार्थी प्रकल्प, काल्पनिक’ ही पट्टी. एडिट म्हणाला पट्टीनं मजा जाते. सर म्हणाले, जाऊ दे.

आणि रात्रीचं शूटिंगच काढून टाकलं. कॅमेऱ्याकडे उपाय आहे.

२१ सप्टेंबर

शूटिंग, दिवस पहिला. आज सर्वपित्री, त्यामुळे आजीनं ‘आज कोठे मळामा’ म्हणून धरलं होतं. दिवसा जातोय म्हटल्यावर सोडलं, पण खीर-वडे खाऊन. दोघे जण सुस्तावले, मी नावं लिहिणार नाही, कामंही नाही.

कॅमेऱ्याचा उपाय: दुपारी रात्र. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनवर टाकला की उन्हाचा उजेड निळा होतो, मग एक्स्पोजर दोन-अडीच स्टॉप खाली, म्हणजे चित्र काळोखं. यात आभाळ दिसलं की चोरी पकडली जाते, आणि केळीच्या बागेत आभाळ दिसतच नाही. बॅटरीचा झोत तेवढा दिवसा फिका पडतो, म्हणून मावसभावाचा लग्नाच्या शूटिंगचा एलईडी नटीच्या हातात, वर नारिंगी जिलेटीन. छान दिसलं. खरंच छान. नटी स्वेटरमध्ये भिजून चिंब झाली आणि प्रत्येक टेकनंतर आमच्याकडे असं बघत होती की खुनी कोण हे मला नव्यानं कळलं.

पिशव्यांचा शॉट: सात टेक. खुनी (आज साऊंड) वळतो ती हालचाल फार ठळक. मी म्हटलं, वळू नकोस, नुसता श्वास घे. आठव्या टेकला कापड आत-बाहेर झालं. वीस पिशव्या स्थिर, एक श्वास घेतेय. कॅमेऱ्यानं ‘कट’ म्हणायला विसरून मागे पाहिलं.

गोंधळही लिहायला हवा. मोटारीच्या खोलीतल्या ट्यूबखाली घेतलेले सगळे शॉट वाया. पडद्यावर काळ्या पट्ट्या वर सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटरवर होता, त्याचा दिव्यांशी मेळ बसत नाही. २५ फ्रेम, १/५० ठेवायला हवं होतं. हे पहिल्या सत्रात शिकवलेलं आहे. मीही वर्गात होते.

२४ सप्टेंबर

साऊंडचा दिवस. ‘सायको’त सुरा घुसल्याचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढला होता. आमच्याकडे त्याहून सरस माल आहे: केळीचं खोड. ते मुळात खोड नसतंच, देठांची एकावर एक घट्ट गुंडाळी असते, पाण्यानं भरलेली. विळा घातला की आधी ‘खच्च’, मग पापुद्रे सुटत जातात, मग पाणी. एका घावात तीन आवाज. नटी ऐकून बाहेर निघून गेली. हाडासाठी वाळलेल्या पऱ्हाट्या मोडल्या. जाड बुडखा म्हणजे मांडी, बारीक फांद्या म्हणजे बोटं.

डबा. आजीचा पितळी, झाकण थोडं ढिलं. त्यात काय घालायचं यावर दोन तास गेले. तुरीची डाळ फार बारीक, पावसासारखी. शेंगदाणे खेळकर वाटतात. चिंचोके जवळ आले. नट-बोल्ट घातले तर कारखाना. शेवटी जे घातलं ते फक्त मला आणि साऊंडला ठाऊक आहे आणि ते इथे लिहिणार नाही. सर, तोंडी परीक्षेतही नाही.

ताल: ‘हॅलोविन’ची धून दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनं स्वतः केली आणि ती पाच मात्रांची आहे. साऊंड तबला शिकलेला. म्हणाला, हा तर अर्धा झपताल. दोन-तीन, दोन-तीन. डबा तसाच हलवतो: खुळ्ळ-खुळ्ळ, मग तीनदा. चालणाऱ्या माणसाचं पाऊल दोनात पडतं, त्यामुळे कान सारखा अडखळतो. बाकी संगीत नाही. ठरलं.

२८ सप्टेंबर

दुसरा दिवस. सालदारानं जुनी खोडं कापली, आम्ही पडताना घेतली. मोठं झाड पडतं तसा आवाज होत नाही. ओलं, थकल्यासारखं बसतं. मामा बांधावर उभा होता. ओळ आडवी झाल्यावर पाठ फिरवून बिडी पेटवली. आपलीच, काढायचीच खोडं होती. तरी.

मुलगी मोजते तो शॉट एकाच टेकमध्ये.

ड्रोन नाही, म्हणून वरून दिसणारा मळा टेबलावर केला. चाळीसगावचे केकी मूस घराबाहेर न पडता टेबलावर देखावे मांडून फोटो काढायचे, ती युक्ती. केळीच्या पानाच्या चिरफळ्या उभ्या खोचून बाग, काडेपेटीची मोटारखोली, आत एक पिवळा एलईडी, धुक्याला उदबत्ती. दोन सेकंदांच्या वर ठेवला तर पितळ उघडं पडतं. दीड ठेवलाय.

३ ऑक्टोबर

एडिटिंग, तिसरी रात्र. लांबी २:३१ वरून १:५२.

भांडण एकाच गोष्टीवर: श्वास घेणारी पिशवी कुठे? एडिटला शेवटी हवी. मला मधे, कुठल्याही आवाजाशिवाय, मुलगी तिच्यापुढून निघून गेल्यावर. बघणाऱ्याला दिसावी, तिला नाही. अर्ध्या लोकांना पहिल्यांदा दिसणारच नाही, असं तो म्हणतो. मला चालेल. ज्याला दिसली तो शेजारच्याला सांगेल, आणि सांगताना त्याचा आवाज उतरेल.

सध्याचा क्रम: आडवी ओळ, मोजणी, ‘आज लाईट रातनी शे’ हे वडिलांचं वाक्य, बाग, बॅटरी, पिशव्या. एकोणसाठाव्या सेकंदाला पहिला डबा. मग तुकडे भराभर, चारएक फ्रेमपर्यंत आखूड. मग पूर्ण शांतता, सहा सेकंद. लॅबमध्ये ती सहा सेकंदं फार लांब वाटली, एडिटनं चार केली, मी परत सहा केली, तो जेवायला गेल्यावर. मग पडद्यावर नाव: ‘ओळख’. त्यानंतर ती हिरवं बटण दाबते, मोटार घरघरते, आणि मोटारीच्या आवाजाखाली डबा. काळोख.

६ ऑक्टोबर

कोजागिरी. मामाच्या ओट्यावर पांढरी चादर लावून पहिला खेळ. पोलीस पाटील मुद्दाम आले होते. मसाला दूध, पोरी-बायका, गुलाबाईचा शेवटचा दिवस.

लहान मुलांना आत पाठवलं होतं. ती खिडकीत होती. पिशवीच्या शॉटला पाचेक जणच दचकले, पण शेजारचे ‘काय? काय?’ करायला लागले. डबा वाजला तेव्हा सगळ्या पोरी एकदम हसल्या, ओळखीचा आवाज म्हणून. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा कुणी हसलं नाही.

संपल्यावर आजी पहिली बोलली. “डबामा काय शे, ते सांग नं माले.” नाही सांगितलं. ती रुसलीय. डबा तिचाच आहे.

मामा काही बोलेना. शेवटी ग्लास खाली ठेवून म्हणाला, “ती सरळ बटण दाबस. तिन्ही दिवा लागनात का, ते कोन देखी?”

स्टार्टरच्या पेटीवर तीन दिवे असतात: लाल, पिवळा, निळा. तीन फेजचे. तिन्ही लागले असतील तरच बटण. दोनावर मोटार चालवली तर जळते. मळ्यात वाढलेली मुलगी हे बघितल्याशिवाय हात लावणारच नाही. आम्ही पाच जण महिनाभर त्या पेटीपुढे उभे होतो, तिच्यावर रक्ताचा ठसाही उमटवला, आणि दिवे कुणालाच दिसले नव्हते.

७ ऑक्टोबर

जमा करायला दोन दिवस. सकाळी कॅमेऱ्याला फोन केला, तोही रात्रभर तेच धरून बसला होता.

बटणाचा शॉट काढला. नवा: पेटीचा क्लोजअप, १/५० शटर, ट्यूब बंद. लाल, पिवळा, निळा. तिचं बोट बटणाजवळ येतं. निळा जातो. बोट थांबतं. मागे डबा. पिवळा जातो.

तिन्ही गेल्यावर पुढं काही दाखवायचं नाही.

मामाला विचारून ठेवलंय, उद्या दुपारी एक ते तीन. दिवे हातानं घालवायला साऊंड पेटीच्या मागे बसेल, मेन बंद करून, वेगळ्या बॅटरीवर. नटीला स्वेटर आणायला सांगितलं. ती बोलत नाहीये, पण आणेल.